खैरीची त्रेसष्ट माणसं

रतनराव मेश्रामांच्या घरी जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत, आणि खिशात फ्लॉपी असेल तर तीही. चपला दाराबाहेरच्या मांडणीत, फ्लॉपी मांडणीवर ठेवलेल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. पुढे फ्लॉप्या गेल्या आणि पेन ड्राइव्ह आले, डबा तोच राहिला. धायरीच्या मधुबन सोसायटीत ह्या डब्याची यथेच्छ टिंगल चालायची. रतनरावांना ती कळत नव्हती असं नाही. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला टिंगल कळते आणि पचतेही.

बैठकीच्या खोलीत, ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर होता. सुंदराबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्याला जुन्या पडद्याचं आवरण शिवून दिलं होतं. वरच्या भिंतीवर नियम लावले होते. बाहेरची कुठलीही चकती यंत्रात घालू नये. अनोळखी माणसाचं पत्र उघडू नये. पडद्यावर बक्षीस लागल्याचं दिसलं तर ते आपल्याला लागलेलं नाही असं समजावं. अक्षर असं की छापील वाटावं. त्या अक्षरावरच त्यांनी संसार केला होता. रतनराव पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते.

ट्रेसर म्हणजे काय हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. इंजिनिअर धरणाचा, कालव्याचा नकाशा पेन्सिलीने काढणार आणि ट्रेसर तो पारदर्शक कापडावर शाईने उतरवणार. रेघ हलली तर ब्लेडने खरवडायची आणि पुन्हा ओढायची. ह्या कामाचे दोन नियम होते. नकाशा शाईत उतरला, तपासून झाला, की पेन्सिलीचं मूळ चित्र रद्दीत टाकायचं. दोन्ही ठेवली तर खरं कुठलं यावरून भांडणं होतात. आणि वरच्या साहेबांची सही झाल्याशिवाय एकही छापील प्रत काढायची नाही, कारण चुकीची प्रत साइटवर गेली की तिच्यावरून भिंत उभी राहते. हे दोन्ही नियम रतनरावांच्या इतके हाडीमासी खिळले होते की निवृत्तीनंतरही सुटले नाहीत. पुढे ह्या नियमांनीच घात केला.

त्यांचं गाव खैरी, भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेपासून दोन कोसांवर. छप्पन सालच्या दसऱ्याला त्यांची अख्खी वस्ती दीक्षा घ्यायला नागपूरला गेली. कुणी बैलगाडीने, कुणी आगगाडीने, बरीचशी पायी. रतन तेव्हा दहा वर्षांचा होता आणि नेमका त्याला गोवर निघाला होता. त्याला आंधळ्या आजीपाशी ठेवून आईबाप, काका, थोरली बहीण, सगळे गेले. पाच दिवसांनी परत आले तेव्हा ती माणसं काही वेगळीच दिसत होती. मान वेगळी, चालणं वेगळं, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं वेगळं. काय झालं तिथे, म्हणून त्याने विचारलं तर आई म्हणाली, "सांगीन पुढं." मग शाळा, नोकरी, पुण्याला बदली, लग्न, मुलगी, धायरीतला फ्लॅट. आई त्र्याण्णव साली वारली आणि सांगायचं राहून गेलं.

आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या घरात घडली आणि आपण तेवढे तिथे नव्हतो, हे दुःख रतनरावांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. त्यांनी एक टेपरेकॉर्डर विकत घेतला. दर रजेत ते खैरीला आणि आसपासच्या गावांत जायचे आणि दीक्षेला जाऊन आलेल्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचे. दहा वर्षांत त्रेसष्ट माणसं झाली. त्यांत मुक्ताई नावाची एक म्हातारी होती. दीक्षेला पांढरं नेसून जायचं होतं आणि तिच्याकडे पांढरं लुगडं नव्हतं. तिने आपलं लाल लुगडं खारवलेल्या पाण्यात दोन दिवस उकळलं. रंग गेला, पण सगळा नाही. "साऱ्या पांढऱ्यात मी एकलीच गुलाबी दिसो," असं सांगून ती इतकी हसली होती की खोकल्याने पुढचं सांगता येईना. रतनरावांनी ती टेप किती वेळा ऐकली असेल याची गणती नव्हती.

चाळीसेक कॅसेटी जमल्या आणि धायरीच्या दमट हवेने त्यांतल्या दोन कॅसेटींना बुरशी धरली. त्यांची मुलगी आम्रपाली तेव्हा इंजिनिअरिंगला होती आणि तिच्यासाठी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. एका वायरीने टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून आवाज आत कसा घ्यायचा ते तिने बाबांना दाखवलं. पहिल्यांदा कॉम्प्युटरमधून मुक्ताई हसली, आणि खरखर नाही, घरघर नाही, तेव्हा रतनरावांचे डोळे भरून आले. हे शाईतलं ट्रेसिंग होतं. कॅसेट म्हणजे पेन्सिलीचं चित्र.

म्हणून पुढे एकेक माणूस आत घेऊन, तपासून झालं, की ते कॅसेट बाजूला टाकू लागले. सगळी माणसं आत आल्यावर त्यांनी कॅसेटींचं गाठोडं धायरीच्या बुद्धविहारात देऊन टाकलं. तिथल्या महिला मंडळाने त्यांवर आपली गाणी भरली. कॉम्प्युटरमध्ये आता त्रेसष्ट फोल्डर होते, प्रत्येकावर एकेका माणसाचं नाव, प्रत्येकात त्याचा आवाज आणि रतनरावांनी त्यावरून शब्द न शब्द टाइप केलेला मजकूर. कुणी ण म्हणाला असेल तर ण, न म्हणाला असेल तर न. ह्याचं पुस्तक करायचं होतं. घरात प्रिंटर होता, पण तो सोसायटीच्या नोटिसा छापायला. पुस्तकाचं एकही पान त्यांनी छापलं नाही. अजून तपासायचं होतं, अजून सही झाली नव्हती, आणि इथे सही करणारे साहेबही तेच होते.

तर अशा ह्या यंत्राला व्हायरसची भीती होती. दोन हजार तीन साली केबलवाल्याने इंटरनेट दिलं आणि महिन्याभरात कॉम्प्युटर आपल्या मनाने बंद पडू लागला. ते यंत्र चादरीत गुंडाळून रतनराव नारायण पेठेत अनिरुद्धकडे गेले. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्याचं दुकान होतं आणि दारावर पाटी होती: 'व्हायरस तुम्हीच घरून आणलेला असतो. आम्ही तो परत देत नाही.' अनिरुद्ध गिऱ्हाइकाला खुर्ची देण्याआधी टोमणा द्यायचा, पण हात मात्र सोन्यासारखा होता. त्याने यंत्र दुरुस्त करून दिलं आणि एक फ्लॉपीही दिली. लेबलावर लिहिलं होतं, 'सगळंच पुसायचं असेल तर.'

"ही कशाला?" रतनरावांनी विचारलं.

"हिने डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली जातात. मग व्हायरसही राहत नाही आणि तुम्हीही राहत नाही. सहसा वापरायची नाही. पण तुमच्यासारखं माणूस दर महिन्याला हे यंत्र कडेवर घेऊन येणार असेल, तर जवळ असलेली बरी."

पुढच्या वर्षी निराळंच झालं. विहारातल्या बायका चहाला आल्या असताना कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक अर्ध्या कपड्यांतली बाई आपोआप येऊन बसली आणि काही केल्या जाईना. सुंदराबाईंनी पडद्यावर पदर टाकला. अनिरुद्धने पाहून सांगितलं की हा साधा व्हायरस नाही, स्पायवेअर आहे. तुम्ही काय बघता, काय टाइप करता, ते तो गुपचूप बाहेर पाठवतो. जाहिरातीतल्या बाईचं रतनरावांना काही वाटलं नाही. पण खैरीच्या म्हाताऱ्यांनी विश्वासाने सांगितलेलं कुणीतरी परकं, न विचारता, पाठीमागून वाचत होतं. त्यांनी केबलवाल्याला बोलावून इंटरनेटची तार कापायला लावली आणि तो कापेपर्यंत शेजारी उभे राहिले.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते बसने नारायण पेठेत जायचे, अनिरुद्धकडून व्हायरस पकडायच्या प्रोग्रामची ताजी सीडी घ्यायचे आणि घरी येऊन ती चढवायचे. आम्रपाली नोकरीला लागली, लग्न करून वाकडला राहायला गेली. हिंजवडीतल्या कंपनीत तिच्या हाताखाली सहा माणसं होती. दर रविवारी यायची आणि दर रविवारी म्हणायची, "बाबा, एक कॉपी घेऊन ठेवू या ना. बॅकअप. पेन ड्राइव्हवर पाच मिनिटांचं काम आहे."

"तो पेन ड्राइव्ह कुठे कुठे जाऊन आलेला असतो ते तुला माहीत आहे?"

"मग नवा कोरा आणते."

"कोरा म्हणून विकतात," रतनराव म्हणायचे, आणि विषय संपायचा.

हे असंच चाललं असतं. पण दोन हजार सातच्या गणपतीत सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब कार्यक्रमपत्रिका छापून घ्यायला आले. मजकूर मुलाच्या पेन ड्राइव्हवर होता. रतनरावांनी तो डब्यात ठेवायला सांगितला.

"मग छापणार कसं?"

"तुमच्याकडे कागदावर असेल ना? तिथूनच वाचा. मी टाइप करतो."

आप्पासाहेब उंबऱ्याशी उभं राहून अख्खी पत्रिका वाचत गेले, आरतीच्या वेळा, लहान मुलांची चित्रकला, महाप्रसाद. रतनरावांनी टाइप करून, छापून, कागद नेऊन हातात दिला. आप्पासाहेबांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मेश्रामसाहेब, आमच्या आजीचं सोवळं बरं होतं हो. ती निदान आंघोळ केलेल्याला जवळ येऊ द्यायची."

ते गेले. मनात काही ठेवून बोलले असतील असंही नाही. आप्पासाहेबांना जिभेवर आलेलं गिळता येत नसे एवढंच. रतनराव मात्र दारातच उभे राहिले. खैरीच्या विहिरीवर त्यांची आई घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. कधी तास, कधी दोन तास. तिथूनच, असं तिला सांगितलं जायचं. तोच शब्द आज आपल्या तोंडून गेला. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की समोरचं ताट तसंच राहिलं.

"काहून जी, जेवत काहून नाही?" सुंदराबाईंनी विचारलं.

"भूक नाही," ते म्हणाले. त्यांनी उठून बाहेरचा बिस्किटांचा डबा आत आणला आणि रिकामा करून स्वयंपाकघरात ठेवून दिला.

त्या रविवारी आम्रपाली आली तेव्हा तिने काही म्हणण्याआधी त्यांनीच विचारलं, "पेन ड्राइव्ह आणलायस का?"

तिला खरंच वाटेना. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला पेन ड्राइव्ह तिने काढला. मैत्रिणीने त्यावर तिला लग्नाचे फोटो दिले होते, बाकी रिकामा होता. तिने तो लावला. पडद्यावर फोटोंचा फोल्डर दिसला, आणि त्याच्या शेजारी त्याच नावाचा आणखी एक. रतनरावांची नजर ट्रेसरची होती; दोन रेघा एकीवर एक आल्या की त्यांना आधी दिसायचं. त्यांनी वाकून वाचलं. एक फोल्डर होता, दुसरा फोल्डरसारखा दिसणारा प्रोग्राम होता. त्यांनी हात घालून पेन ड्राइव्ह उपटला.

"असं ओढत नाहीत, बाबा."

"त्यात काहीतरी आहे."

"काही असतं तर तुमचा प्रोग्राम ओरडला असता ना. तो गप्प आहे."

तो गप्प होता, कारण त्याची सीडी एकवीस दिवसांची होती आणि आत शिरलेली गोष्ट त्याहून नवी होती. रतनराव म्हणाले, "आज राहू दे. सोमवारी नवी सीडी आणतो. पुढच्या रविवारी कर." आम्रपालीने हात टेकले. पेन ड्राइव्ह यंत्रात जेमतेम अर्धा मिनिट होता.

सोमवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर लावला. त्रेसष्ट नावं जागच्या जागी होती. मुक्ताईच्या नावावर त्यांनी टिचकी मारली. उघडलं नाही. दुसऱ्यावर मारली, तिसऱ्यावर मारली. मग वाकून वाचलं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोल्डर नव्हतेच. फोल्डरचं सोंग घेतलेले त्रेसष्ट प्रोग्राम होते. आतली माणसं खाऊन त्यांच्या नावाचे मुखवटे दारात लावून ठेवावेत, तसं त्यांना वाटलं. त्यांनी यंत्र बंद केलं.

अनिरुद्धच्या दुकानाचा फोन वाजत राहिला. गणपतीचे दिवस होते, पेठेतले रस्ते मांडवांनी अडवले होते आणि अनिरुद्ध आपल्या मंडळात होता. मोबाइल त्याने एकदा उचलला, पण मागे ढोल असे वाजत होते की रतनरावांचं एक अक्षर त्याला ऐकू गेलं नाही. "काका, विसर्जन झाल्यावर बोलू," एवढं ओरडून त्याने ठेवून दिला. आम्रपालीला फोन करावा असं रतनरावांच्या मनात दहा वेळा आलं. पण तिला सांगायचं म्हणजे तिच्याच हाताने हे झालं असं सांगायचं. त्यांनी फोन केला नाही.

बुधवारी त्यांनी धीर करून पुन्हा यंत्र लावलं आणि त्रेसष्ट मुखवटे एकेक करून पुसून टाकले. प्रत्येक नाव पुसताना ते तोंडाने म्हणत होते. शेवटी खिडकी रिकामी झाली, पांढरी. आता निदान घाण तरी गेली, म्हणून त्यांनी डिस्कच्या त्या भागात किती जागा मोकळी आहे ते पाहिलं. अकरा जीबी भरलेली दाखवत होती.

रतनराव त्या आकड्याकडे बघत बसले. आत काहीच नाही, डोळ्यांना दिसतंय की काहीच नाही, तरी अकरा जीबी जागा कुणीतरी धरून बसलंय. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचं रक्त तापलं. तो आत आहे. माझी माणसं गिळून, त्यांच्याच जागेवर हातपाय पसरून बसलाय. रतनराव आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. साहेबांनी काढलेल्या नकाशातल्या चुका ते मुकाट दुरुस्त करायचे आणि शाबासकी साहेबांना मिळायची. पण त्या दिवशी त्यांना जो संताप आला तो साठ वर्षांचा होता. त्यांनी कपाटातून अनिरुद्धची फ्लॉपी काढली, लेबल वाचलं आणि यंत्रात घातली.

सगळं पुसायला साडेतीन तास लागले. काळ्या पडद्यावर एक आकडा हळूहळू वाढत होता. रतनराव खुर्ची सोडून उठले नाहीत. सुंदराबाई चहा घेऊन आल्या, तो निवला.

"काय चालवलंय जी सकाळपासून?"

"धुतोय," ते म्हणाले.

शंभर टक्के झाले तेव्हा त्यांना खूप दिवसांनी हलकं वाटलं. माणसं गेली होती, पण त्यांच्या जागेवर आता कुणी नव्हतं.

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र चादरीत बांधलं आणि रिक्षाने नारायण पेठेत नेलं. अनिरुद्धचा आवाज ढोलांपायी बसला होता. "या," तो म्हणाला. "बाकीचे लोक बाप्पाला पोचवतात, तुम्ही कॉम्प्युटर घेऊन येता. काय आणलंत ह्या वेळी?"

रतनरावांनी पहिल्यापासून सांगितलं. पेन ड्राइव्ह, सोंग घेतलेले फोल्डर, रिकामी खिडकी. अनिरुद्ध मधेच हसला. "अहो काका, हा तर सध्याचा घरोघरचा पाहुणा आहे. ह्या आठवड्यात माझ्याकडे नऊ आलेत. काही करत नाही तो. तुमचे फोल्डर फक्त लपवतो आणि आपले पुढे करतो. ते पुसायचे आणि 'लपवलेलं दाखवा' असं एका जागी टिचकी मारून सांगायचं. सगळं जिथल्या तिथे असतं. जागा बघितली असतीत तर कळलं असतं. भरलेलीच दाखवते."

दुकानात कुणाचा तरी प्रिंटर चालू होता, त्याची पानं खाली पडत होती.

"भरलेली दाखवत होती ना?" अनिरुद्धने विचारलं.

"अकरा जीबी."

"मग तेच. तुमच्याच फायली त्या." आणि मग त्याने रतनरावांच्या तोंडाकडे पाहिलं. "काका, तुम्ही काय केलंत?"

रतनरावांनी खिशातून फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली.

अनिरुद्धने ती उचलली, आपलंच अक्षर वाचलं. "लेबल वाचलं होतंत?"

"वाचलं होतं. सगळंच पुसायचं होतं."

अनिरुद्धला टोमणा सुचला नाही. त्याने ते यंत्र उघडलं, तास-दीड तास खटपट केली, दोन ठिकाणी फोन करून विचारलं. शेवटी नुसती मान हलवली. शून्यांच्या खाली काही उरत नाही. निघताना त्याने स्वतः यंत्र उचलून जिन्यावरून खाली आणलं, रिक्षात ठेवलं आणि रिक्षावाल्याला खड्डे सांभाळून न्यायला सांगितलं. त्या यंत्रात आता सांभाळण्यासारखं काही नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

रिक्षा धायरीला पोचेपर्यंत रतनरावांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती अकरा जीबी. आपली माणसं आतच होती. दार लावून घेतलेल्या खोलीत त्रेसष्ट माणसं गप्प बसून होती, आणि आपण साडेतीन तास खुर्चीवर बसून एकेकाला मारलं, चहासुद्धा न पिता. व्हायरसने एकालाही हात लावला नव्हता.

पुन्हा खैरीला जावं म्हटलं तर त्रेसष्टांतले सात जण उरले होते. त्यांतल्या चौघांना आता स्वतःचं नावही धड आठवत नव्हतं. मुक्ताई जाऊन तीन वर्षं झाली होती. रतनरावांना ऐकलेलं बरंचसं आठवत होतं, पण ते रतनरावांचे शब्द होते. गोवर आलेल्या मुलाने घरी बसून नागपूरची गोष्ट सांगण्यासारखंच ते होतं.

रविवारी आम्रपाली आली. "चला, बॅकअप घेऊ," असं म्हणत तिने कॉम्प्युटरवरचं आवरण काढलं.

"राहू दे," रतनराव म्हणाले. "हार्ड डिस्क गेली. अनिरुद्धला दाखवली, तो म्हणाला काही निघत नाही."

तिने आवरण तसंच हातात धरलं. "सगळं?"

"सगळं."

"अशी कशी गेली एकदम?"

"जुनी होती."

आम्रपाली रडतच बोलली. "इतकी वर्षं मी घसा कोरडा करत होते, बाबा. दर रविवारी. तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्या दिवशीसुद्धा अर्धा मिनिट थांबला असतात ना, तर आज सगळं माझ्या पर्समध्ये असतं."

"हो," रतनराव म्हणाले. "चुकलंच माझं."

सुंदराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग आत वळल्या.

दुसऱ्या दिवशी रतनराव विहारात गेले आणि दिलेल्या कॅसेटी ऐकायला मागितल्या. छत्तीस सापडल्या. घरी आणून ते रोज सकाळी जेवणापर्यंत एकेक कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकू लागले. सगळीकडे महिला मंडळाची गाणी होती, ढोलकी, टाळ्या, मधेच कुणीतरी चुकून हसलेली. पण गाणं संपून बाजू संपायच्या आधी कधी थोडी फीत उरलेली असायची, आणि तिच्यावर जुनं काही शिल्लक असायचं. कुठे खोकला. कुठे शेळी ओरडलेली. बऱ्याच ठिकाणी त्यांचा स्वतःचाच जुना आवाज होता, "मग? मग पुढं काय झालं?" उत्तरावर गाणं होतं.

एकोणतिसाव्या कॅसेटच्या शेवटी गाणं संपलं, खट्ट झालं, आणि मुक्ताई बोलली. खोकल्याची उबळ नुकतीच थांबली असावी. अगदी जवळून, दमून, प्रेमाने तिने विचारलं, "भरला का रे बापू तुया टेप? का आनखी सांगू?"

"सांगा ना," असं त्यांचा आवाज म्हणाला, आणि बाजू संपली. पुढचं तिने दुसऱ्या कॅसेटवर सांगितलं होतं.

रतनरावांनी ती फीत मागे घेऊन पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा सुंदराबाई येऊन शेजारी बसल्या. म्हातारीने विचारलं, ह्यांनी सांगा म्हटलं, आणि टेप थांबला. मग रतनरावांनी कॅसेट उलटी करून घातली. दुसऱ्या बाजूला शेवटपर्यंत गाणी होती, ती त्यांनी सगळी ऐकली आणि कॅसेट विहारात परत द्यायच्या पिशवीत ठेवली.